गाळलेल्या जागा

वर्षभर या सदराला एक पान मिळते आणि त्या पानाच्या खालच्या अंगाला कधी केशतेलाची, कधी एखाद्या सराफी पेढीची जाहिरात येऊन बसते. दिवाळी अंकात मात्र संपादक उदार होतात. "या खेपेला हात आखडता घेऊ नका," असा त्यांचा निरोप आला, तेव्हाच ठरवले की जागेअभावी मागे पडलेला एक विषय आता काढायचाच. विषय ऐकून तुम्ही हसाल. तो चौथीतल्या पोरांचा आहे. अर्धे वाक्य दिलेले असते, त्यापुढे एक रेघ असते आणि त्या रेघेवर योग्य तो शब्द लिहायचा असतो. गाळलेल्या जागा भरा. प्रत्येकी एक गुण.

शाळा सुटली म्हणजे हा प्रश्नही सुटला, असे ज्यांना वाटते ते सुखी लोक होत. लग्नाच्या बैठकीत, कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर, किंवा साहेबाने "मग काय ठरले?" असे विचारल्यावर आपण दुसरे काय करीत असतो? पुढे रेघ आखलेली असते, शब्द सुचत नसतो आणि गुण मात्र कापले जात असतात.

त्यातून आपली मराठी अशी की सगळा ऐवज वाक्याच्या शेवटच्या खणात ठेवते. "काल संध्याकाळी स्टेशनावर तुमच्या धाकट्याने त्या तिकीट तपासनिसाला चारचौघांच्या देखत..." एवढे बोलून सांगणारा गृहस्थ चहाचा घोट घ्यायला थांबला, की ऐकणाऱ्या बापाचा जीव टांगणीला लागतो. ओळखले, वाचवले, की थोबाडले? कर्ता आला, कर्म आले, स्थळ आले, काळही आला. पण क्रियापद येईपर्यंत पोराला शाबासकी द्यायची की वकील गाठायचा, हे काही ठरत नाही. इंग्रजीत ही भानगड नाही. तिथे कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद येते आणि उरलेले वाक्य माणसाला निवांत ऐकता येते.

या शेवटच्या शब्दाचे वजन किती, हे सांगायला आपल्याकडे एक गोष्ट तयारच असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत "नारायणरावास धरावे" असे होते आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, असे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. इतिहासाच्या अभ्यासकांनी ही गोष्ट केव्हाच दंतकथेत जमा केली आहे. पण ती टिकली का, ते पाहा. काका-पुतण्यांचे वैर, गारद्यांचे थकलेले पगार, दरबारातली कारस्थाने ही काही कुणाला पाठ नाहीत. पाठ आहे ते एका अक्षराने फिरलेले क्रियापद. मराठी माणसाला खुनाचे एवढे नवल वाटले नसावे. वाक्य शेवटी असे फिरू शकते, याचे वाटले असावे.

हल्ली शेवटचा शब्द पुरवायला खिशातला फोन हजर असतो. आपण दोन शब्द लिहिले की खाली तीन चौकटी उघडतात आणि तीन शब्द अदबीने पुढे येतात, खानावळीतला पोऱ्या "भात, पोळी, की ताक?" विचारतो तसे. पुष्कळदा सोय होते, नाही असे नाही. परंतु गेल्या जूनमध्ये माझ्या एका जुन्या स्नेह्याचे नव्वदी ओलांडलेले वडील गेले. तो परगावी, म्हणून मी फोनवर चार ओळी लिहायला बसलो. "आपले वडील" एवढे लिहून थांबलो, तर खाली तीन शब्द येऊन उभे : "आहेत", "आणि", "कसे". त्यातला पहिला शब्द पाहून मी फोन पालथा घातला. यंत्राचा बिचाऱ्याचा काय दोष? असंख्य माणसांनी "वडील" या शब्दापुढे जे लिहिले असेल, तेच ते आपल्यापुढे मांडते. आणि बहुतेकांचे वडील असतातच. हे वाक्य कोण कुणाला लिहीत आहे आणि आज त्या घरात काय घडले आहे, ते त्याला कोण सांगणार?

मग शब्द मलाच शोधावा लागला. मराठीत हा विशिष्ट शब्द शोधणे म्हणजे गेलेल्या माणसाचे सारे आयुष्य पुन्हा एकदा डोळ्यांपुढून घालवणे. जनावर मरते. माणूस वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते. शंकराचा भक्त कैलासवासी होतो, विष्णूचा वैकुंठवासी. मुसलमान गृहस्थ पैगंबरवासी, ख्रिस्ती गृहस्थ ख्रिस्तवासी. शिपाई धारातीर्थी पडतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली आणि तुकोबा देहूहून वैकुंठाला गेले. या दोन क्रियापदांची अदलाबदल करून एखाद्या माळकऱ्यापुढे बोलून बघा. तो तुम्हांला तिथल्या तिथे थांबवील, आणि व्याकरणाचे पुस्तक त्याने जन्मात उघडलेले नसेल. आमच्या स्नेह्याच्या वडिलांची अडचण वेगळीच होती. ते पक्के नास्तिक. कैलास आणि वैकुंठ ही दोन्ही स्थळे त्यांनी साभार परत केली असती, आणि "देवाज्ञा" म्हटले असते तर "कुणाची आज्ञा?" म्हणून उठून बसले असते. अखेरीस मी "आपले वडील गेले" एवढेच लिहिले. त्या घराला तेवढेच शोभणारे होते.

शोभणे ही गोष्ट कोशात सापडत नाही. कोशांना मी कमी लेखतो असे मात्र समजू नका. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला, आणि तो सगळा चाळणारा माणूस मला भेटला तर मी त्याला वाकून नमस्कार करीन. कोश शब्दाचा अर्थ सांगतो, लिंग सांगतो, तो कुठून आला तेही सांगतो. तो कुणाच्या तोंडात बसेल आणि कुणाच्या तोंडाला ओरबाडील, हे घरातली माणसे शिकवतात.

साधे अंगावर घालण्याचेच घ्या. सदरा घालतात, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, कुंकू लावतात, दागिने लेतात. आणि बांगड्या? बांगड्या भरतात. कासारापुढे हात करायचा आणि "भरा" म्हणायचे. माझ्या नातीला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "गाळलेल्या जागा भरतात तशा?" मी म्हटले, हो, अगदी तशाच, नीट बसली नाही तर हाताला लागते.

टीव्हीवरच्या मालिकांत "तिने साडी घातली" असे कुणी म्हटले की माझे एक स्नेही कपाळाला हात लावतात. मी इतका कडवा नाही. "नेसणे" या शब्दात एक माहिती दडलेली आहे. जे वस्त्र शिवलेले नाही, जे कमरेभोवती गुंडाळून, निऱ्या काढून खोचावे लागते, ते नेसायचे. मग ते लुगडे असो, धोतर असो की सोवळे. शिवलेले असेल ते घालायचे. आता अलीकडे बाजारात शिवलेली नऊवारी मिळते. पाय घालायचे, नाडी आवळायची, पदर खांद्यावर टाकायचा आणि पाच मिनिटांत शोभायात्रेला हजर. ती अंगात चढवलेल्या मुलीने "मी नऊवारी घातली" असे म्हटले, तर ती शंभर टक्के शुद्ध बोलली. तिथे शब्द बिघडवला असेलच, तर तो शिंप्याने. न शिवलेली पैठणी मात्र नेसायचीच, आणि ती "घालणाऱ्या" नायिकेबद्दल आमच्या स्नेह्यांनी कपाळाला हात लावायला माझी हरकत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे सारे डोक्यात घोळू लागले, तिच्याकडे येतो.

ऑगस्टात नातीच्या शाळेत घटक चाचणी झाली. चौथीचा मराठीचा पेपर, वीस गुणांचा. तपासलेले पेपर सही करून परत पाठवायचे असतात. आईबाप दोघेही नोकरीवर, तेव्हा सहीचा अधिकार आजोबांकडे आलेला. समूहदर्शक शब्दांत पोरीने कुठेही मार खाल्ला नव्हता. भाकरींची चवड, नाण्यांची चळत, किल्ल्यांचा जुडगा, बांबूंचे बेट, मेथीची जुडी, सारे जागच्या जागी. गाळलेल्या जागांत एक वाक्य होते : "हात आपटल्यामुळे आजीची बांगडी ______." नातीने तिथे लिहिले होते, "वाढली". त्यावर लाल शाईची फुली आणि वर बाईंच्या अक्षरात, "फुटली".

तुमच्या घरात एखादी साठी ओलांडलेली बाई असेल, तर नातीने हा शब्द कुठून आणला ते सांगायला नको. आमच्या घरी बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढते. नारळ देवापुढे वाढवतात. रात्री देवाजवळचा दिवा विझवत नाहीत, मालवतात. फारच झाले तर त्याला निरोप देतात. घराबाहेर पडणारा माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, आणि खरोखर येणारा माणूस दार वाजवून तेच म्हणतो. कुणाचा घोटाळा झाल्याचे ऐकिवात नाही. खेड्यात रात्री सापाचे नाव घेत नाहीत. त्याला लांबडे म्हणतात, जनावर म्हणतात. तो चावला तर "पान लागले" म्हणतात. सगळ्यांत भीतीचा रोग, तर त्याचे नाव "देवी". जगातून तो रोग नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. माझ्या पिढीच्या दंडांवर "देवी काढल्या"चे वण मात्र अजून आहेत.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी अंधश्रद्धा. शब्द बदलल्याने साप दूर जात नाही आणि फुटलेली काच सांधली जात नाही. कबूल आहे. नातीच्या वर्गातल्या मुलांनी तर याहून सोपा विचार केला होता. तिने पेपर दाखवताना जे सांगितले ते असे :

"बाई म्हणाल्या, बांगडी कशी वाढेल? बांगडी काय झाड आहे? मग सगळी हसली." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, "आजी, तू चुकीचं मराठी बोलतेस. माझा एक मार्क गेला."

आमच्या सौभाग्यवती एरवी अशा आरोपाला जागच्या जागी उत्तर देणाऱ्या. त्या दिवशी तिने नुसते "असं का?" म्हटले आणि गॅस बारीक केला. मी बाहेरून भाषाशास्त्राचे एक लहानसे व्याख्यान सुरू केले होते. येतो-जातो, दिवा-नारळ, वर जे तुम्हांला ऐकवले तेच. नातीने ते अर्धे ऐकले आणि ती खेळायला पळाली.

रात्री जेवणे आटोपल्यावर सौ. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली,

"अहो, तुमचं ते शास्त्र असेल खरं. पण मला फुटली म्हणवतच नाही. आईच्या फोडल्या तेव्हा मी हिच्याएवढीच होते. माजघराच्या दाराआड उभी होते. कुणी परक्या नव्हत्या हो, आमच्याच आळीतल्या बायका, रोज सायीचं विरजण मागायला येणाऱ्या. त्यांनी फोडल्या. तो आवाज गेला नाही कानांतून. फुटल्या त्या आईच्या. माझी वाढली."

आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली. माजघराच्या दाराची ही हकीगत तिने मला त्या रात्री प्रथमच सांगितली. एका गुणाच्या प्रश्नाने ती बाहेर काढली.

त्यानंतर पुष्कळ वेळ मी त्या दोन शब्दांचाच विचार करीत होतो. बांगडी काचेची असते आणि काच आपटली की फुटते, यात वाद नाही. परंतु मराठी बाईच्या बाबतीत "बांगडी फुटणे" या दोन शब्दांत दुसरेही एक वाक्य भरून ठेवले होते. नवरा गेला आणि चारजणींनी धरून हिच्या बांगड्या फोडल्या, असे ते वाक्य. नळाखाली भांडे घासताना मनगटावरची काच तडकली, तर हे दुसरे वाक्य त्या पहिल्यात शिरू नये, म्हणून कुणा तरी आजी-पणजीने मधे एक दार बसवले. त्या दाराचे नाव "वाढणे". त्यात देवाला फसवण्याचा भाग थोडा असेल. पण एका बाईने दुसरीला "घाबरू नकोस, हे ते नव्हे" असे सांगण्याचा भाग त्याहून मोठा आहे, असे मला वाटते.

मात्र हाच मऊ शब्द दुसऱ्या ठिकाणी अगदी चुकीचा ठरेल. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावाने ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, पायातली जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. ती बातमी वाचताना माझे लक्ष होते ते क्रियापदांकडे. पुसणे, तोडणे, फोडणे, काढणे. तिथे कुणी "बांगड्या वाढवण्याची प्रथा" असे लिहिले असते, तर सगळा ठराव फुकट गेला असता. जे माणसे हातांनी करतात आणि जे त्यांनी थांबवायचे आहे, त्याला त्याच्या उघड्या नावानेच हाक मारावी लागते. आपघाताला पांघरूण चालेल. जुलुमाला चालणार नाही. म्हणजे एकच बांगडी, एकच काच, आमच्या सौ.च्या तोंडी "वाढली" बरोबर आणि हेरवाडच्या ठरावात "फोडणे" बरोबर. पेपरातल्या वाक्याला मात्र बोलणारे तोंडच नव्हते.

दोन दिवसांनी नातीला शाळेतून आणायला गेलो, तेव्हा फाटकाशी बाई भेटल्या. भांडायला गेलो नव्हतो. तिशीच्या आतबाहेरच्या, हातात वह्यांचा गठ्ठा, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. मी बांगडीचे नाव काढताच त्या म्हणाल्या,

"काका, मला माहीत आहे वाढणे. माझी आजीपण तेच म्हणायची. पण उत्तरसूचीत एकच शब्द दिलेला असतो, आणि बेचाळीस पेपर एका रात्रीत तपासायचे असतात. मी घोळत बसले तर उद्या दुसरं पोर येऊन म्हणेल, आमच्या घरी फुटली नाही, तडकली."

हे उत्तर मला पटले, आणि तेच मला खुपलेही. गाळलेल्या जागेला एकच उत्तर, ही कल्पना शाळेतच मुरली आहे असे नव्हे. अमेरिकेत १९५३ साली विल्सन टेलर नावाच्या गृहस्थांनी मजकुरातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळायचे आणि वाचणाऱ्याला ते भरायला सांगायचे, अशी एक पद्धत मांडली. मूळ लेखकाचा नेमका शब्द आला तरच तो बरोबर धरायचा. जवळपासचा शब्द चालायचा नाही. ऐकायला हे फार कठोर वाटते. परंतु टेलर वाचणाऱ्याची परीक्षा घेत नव्हते. मजकूर सोपा की अवघड, हे त्यांना मोजायचे होते. शब्द जितके अधिक जुळतील तितका मजकूर सोपा. गुण लेखकाचे जायचे. आपण तीच फूटपट्टी उचलली तर ती पोराच्या पाठीवर ठेवतो.

बाईंना मी टेलरसाहेब ऐकवले नाहीत. वह्यांचा गठ्ठा जड होता. मी एवढेच म्हटले, "गुणाचं सोडा हो. पोरगी आजीला चुकीची समजली, तेवढं बोचलं."

बाई जराशा थांबल्या. मग गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "मी कोल्हापूरकडची. आमच्याकडं बायकासुद्धा मी आलो, मी गेलो म्हणतात. डी.एड.ला इकडं आले, तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात उभी राहून म्हटलं, मी उशिरा आलो. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी आले म्हणते. आईचा फोन आला की अजून आलो."

एवढे सांगून त्या स्वतःशीच हसल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. वाक्याच्या शेवटच्या अक्षराला एक काना कमी, एवढाच काय तो फरक. आणि त्या कान्यासाठी या बाईंच्या तोंडात दोन भाषा नांदत होत्या, एक पगाराची आणि एक आईची. आपल्या पेपराची उत्तरसूची त्यांनीही एकदा अशीच हसण्यावारी भोगलेली होती. तरीही त्यांच्या हातून फुली पडली. तक्रार म्हणून हे मी लिहीत नाही. बेचाळीस पेपर आणि एक रात्र यांचा तो हिशेब आहे.

दुसऱ्या दिवशी पेपर पुन्हा घरी आला. फुली होती तिथेच होती. तिच्या शेजारी बाईंनी पेन्सिलीने लिहिले होते, "आजीच्या तोंडी बरोबर", आणि अर्धा गुण वाढवला होता. होय, गुणही वाढतोच.

नात खूश नव्हती. "बरोबर आहे तर अर्धाच का? आणि आता साडेसतरा झाले. साडेसतरा कुणाचेच नसतात." हा मुद्दा बिनतोड होता आणि आमच्यापैकी कुणाकडेही त्याला उत्तर नव्हते. तिची दुसरी अडचण अधिक मोठी होती. बाईंनी तिला सोमवारी वर्गापुढे उभे राहून सांगायला सांगितले होते, आजीची बांगडी फुटत नाही, वाढते, ते का.

"आजी, का गं वाढते?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. माझे व्याख्यान तयार होतेच, पण तिने नुसत्या डोळ्यांनी मला गप्प बसवले. नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगायचे आणि कुठपर्यंत, ते ती मनात जुळवीत असावी. आतल्या खोलीतला पंखा बंद करून यावा इतका वेळ ती काही बोलली नाही. मग तिने पोरीची वेणी सोडली, कंगवा घेतला आणि म्हणाली,

"सांग, बांगडी गेली तरी हात रिकामा राहू नये, दुसरी भरावी, म्हणून वाढली म्हणतात."

"एवढंच?"

"एवढंच. मान सरळ ठेव."